ते तिचं नाव नव्हतं

यंदाही एर्नेस्टीनने सासूसाठी पांढरंच फूल आणलं, आणि यंदाही टेम्पीआजीने ते मुकाट्याने पाण्याच्या ग्लासात ठेवून दिलं. मग ती आपल्या खोलीत गेली आणि छातीवर लाल फूल टाचून बाहेर आली.

मे महिन्यातल्या त्या रविवारी, मदर्स डेला, आमच्याकडे हा रिवाज कुणी चुकवत नाही. आई हयात असली तर लाल फूल, गेलेली असली तर पांढरं. चर्चच्या दारातून माणूस आत आला की त्याच्या छातीकडे बघून सगळ्यांना घरची खबर कळते, आणि पहिल्यांदाच पांढरं लावून आलेल्याचा हात लोक जरा जास्त वेळ हातात धरतात. अशा ठिकाणी पंचाहत्तरीला टेकलेली बाई पहिल्या बाकावर लाल फूल लावून बसणार म्हटल्यावर सुनेला चारचौघांत तोंड द्यावं लागणारच. म्हातारीला अलीकडे थोडा भ्रम होतो, असं एर्नेस्टीनने दोन-चार जणींच्या कानात आधीच घालून ठेवलं होतं. आपण सांगितलेलं बरं, नाहीतर लोक आपल्या मनाने जोडतात.

पण यंदा तिचं फुलावरून फारसं बिनसलं नाही, कारण तिच्या डोक्यात त्याहून मोठी गोष्ट होती. तिच्या लेकीला, ओडेसाला, कवितेचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. आपल्याच काळ्या लोकांनी चालवलेल्या मासिकाची स्पर्धा, पण परीक्षक म्हणजे नावाजलेली माणसं. त्या वर्षांत न्यूयॉर्कातल्या आमच्या हार्लेम वस्तीला लिहिण्या-गाण्याचा तापच चढला होता म्हणा ना. खालच्या मजल्यावरचा पोरगा दिवसभर कॉर्नेटची तुतारी फुंकत बसायचा, समोरच्या घरातली बाई कापडाचं दुकान सोडून मातीचे पुतळे करायला लागली होती, आणि एर्नेस्टीनच्या नणंदेच्या, रोबर्टाच्या, केस सरळ करायच्या दुकानात गरम कंगवा हातात घेऊन बायका नाटकांवरून भांडायच्या. आपलं कुणी ऐकतंय, छापतंय, विकत घेऊन वाचतंय, याचीच लोकांना नवलाई होती. अशात बक्षीस आपल्या घरात यावं, या विचाराने एर्नेस्टीनला रात्री झोप लागत नव्हती.

त्यातून कवितेचं नाव 'मदर्स डे'. आता मुलगी 'मदर्स डे' नावाची कविता लिहिते, म्हणजे ती कुणावर असणार, हे काय सांगायला पाहिजे? अंक शनिवारी आला होता, पण ओडेसाने तो उशीखाली दडवून ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. आईला चकित करायचं असेल पोरीला, असा अर्थ एर्नेस्टीनने लावला. दुपारी चार वाजता चर्चच्या सभागृहात मातांचा कार्यक्रम होता, त्याची अध्यक्ष तीच, आणि रेव्हरंडने स्वतः सांगितलं होतं की ओडेसाने ती कविता म्हणावी. एर्नेस्टीनने नवी टोपी घेतली. टोपीवर काचेची जांभळी द्राक्षं होती.

सकाळची प्रार्थना आटपून सगळे जेवायला घरी आले. एर्नेस्टीनच्या नवऱ्याची, जोसायाची, बहीण रोबर्टा भट्टीत भाजलेली रताळ्याची गोड पाई घेऊन आली. रोबर्टा म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत तिखट जीभ. तिच्याकडे डोकं द्यायचं म्हणजे कानही द्यावे लागतात. टेबलावर तळलेली कोंबडी होती, भेंडीचा रस्सा होता आणि मधोमध भाताचं मोठं भांडं होतं. समुद्रकाठच्या कॅरोलायनातून आलेली ही माणसं. न्यूयॉर्कला येऊन वीस वर्षं झाली तरी भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही त्यांना.

एर्नेस्टीनने टोपी कपाटातून काढून खुर्चीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. रोबर्टाने ती इकडून तिकडून बघितली आणि म्हणाली की टोपीचं नंतर बघू, आधी कविता ऐकू या, सभेत सगळ्यांबरोबर ऐकायची तर आम्ही घरचे कशाला? ओडेसा म्हणाली की गळा बसलाय, चारलाच ऐका. तिचा गळा अजिबात बसलेला नव्हता. मग जोसायाने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "वाच बेटा. मलाही ऐकायचीय."

जोसाया पोस्टात कामाला होता. अर्धवट पत्त्याची पत्रं त्याच्या टेबलावर यायची आणि तो माणूस शोधून काढायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलीच्या बक्षिसाची बातमी छापून आली, ते कात्रण तो आठवडाभर खिशात घालून फिरत होता. पोस्टातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ते दाखवून झालं होतं. आता त्याने सांगितल्यावर ओडेसाला नाही म्हणता येईना. ती उशीखालचा अंक घेऊन आली आणि उभ्यानेच वाचायला लागली.

माझी आजी लाल फूल लावते.
लोक म्हणतात, हिची आई कधीच गेली असेल.
आजी म्हणते, गेली असं मला कुणी सांगितलं?

पहिल्या ओळीलाच एर्नेस्टीनचा चेहरा बदलला. ही कविता आपल्यावर नाही, एवढं तिला कळलं आणि तिचा हात नकळत टोपीकडे गेला. रोबर्टाला हसू फुटलं. पण पुढच्या ओळी आल्या तसं तेही विरलं. कवितेत कचेरीच्या दगडी पायऱ्या होत्या, त्यावर लिलावासाठी उभी केलेली एक बाई होती, आणि तिच्या झग्याला घट्ट धरलेली पाच वर्षांच्या पोरीची मूठ होती. ती मूठ कुणीतरी एकेक बोट करून सोडवली होती. आणि मग शेवटाकडे,

डेल्फी, तू मागे वळून पाहिलंस का?
डेल्फी, तुझी पोर अजून फाटकाशी उभी आहे.

परीक्षकांनी याच दोन ओळी उचलून धरल्या होत्या. त्या त्यांनी बक्षिसाच्या बातमीतही छापल्या असत्या, पण जागा पुरली नाही. पुरली असती तर हे सगळं आठवडाभर आधीच झालं असतं.

टेम्पीआजी समोरच्या भाताकडे बघत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कविता तीही पहिल्यांदाच ऐकत होती. कोबी चिरता चिरता, केस विंचरून घेता घेता तिने नातीला जे थोडं थोडं सांगितलं होतं, ते असं एका दमात समोर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

एर्नेस्टीनला आधी कंठ फुटला. पंधरा वर्षं तिने सगळ्या चर्चला सांगितलं होतं की आमचं गॅड्सडेन घराणं म्हणजे चार्ल्स्टनचे कधीच गुलाम नसलेले मोकळे लोक, गुलामी संपवणाऱ्या लढाईच्या आधीपासून स्वतःच्या घरात राहणारे, शिंपीकाम करणारे. जोसायाने ते कधी खोडलं नव्हतं. आणि आज तिच्याच कार्यक्रमात, डॉक्टर-वकिलांच्या बायका पहिल्या रांगेत बसलेल्या असताना, तिची लेक उभी राहून सांगणार की आमची पणजी पायऱ्यांवर विकली गेली. ती चवताळून म्हणाली की गेल्या पिढीची धुणी भरसभेत वाळत घालायची असतील तर मी अध्यक्ष म्हणून बसणार नाही. रोबर्टा म्हणाली, नको बसूस, खुर्ची काही ओस पडणार नाही. आणि बरं झालं, ते शिंप्याचं सोंग एकदाचं उतरलं, मला तरी ते बाळगून घाम यायचा. एर्नेस्टीन म्हणाली की तुला काय, तू केसांत राहतेस, मला माणसांत राहावं लागतं.

त्या रागाच्या तळाशी काय होतं ते तिथं एर्नेस्टीनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची स्वतःची आई सव्हानात गोऱ्यांचे कपडे धुवायची. सोड्याने तिची बोटं उलून रक्त यायचं. त्या बोटांनी तिने लेकीला शाळेत घातलं, आणि लेकीने हार्लेमला येऊन सगळ्यांना सांगितलं की माझी आई शिक्षिका होती. एकदा सांगितलं की मग तेच पुढे ओढत न्यावं लागतं. आज नवऱ्याच्या घराचं उघडं पडलं तर उद्या आपलंही पडेल, या भीतीने ती एवढी आरडत होती.

जोसाया आपल्या बाजूने बोलेल अशी ओडेसाला खात्री होती. तो बोललाही, पण तिच्याशी नाही.

"आई, हे खरं आहे?"

टेम्पीआजीने मान हलवली.

"मी विचारलं की तू म्हणायचीस, मला आठवत नाही. जन्मभर हेच सांगितलंस. आणि हिला सांगितलंस?"

"तू लहान असताना विचारायचास, तेव्हा माझ्याने सांगवायचं नाही," आजी म्हणाली. "मला सांगवायला लागलं, तोवर तू विचारायचा थांबला होतास. हिने विचारलं."

बापाला हे लागलं. लोकांची हरवलेली माणसं शोधून देण्यात आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या घरातली हरवलेली आजी त्याला पोरीच्या कवितेत भेटत होती. लागलेला माणूस करतो तेच त्याने केलं. तो एकदम कडक झाला आणि म्हणाला की ही कविता आज वाचायची नाही. झालं. महिनाभर एकमेकांशी धड न बोलणारे नवरा-बायको एका बाजूला झाले, आणि एरवी भाचीला 'पुस्तकी भोपळा' म्हणणारी रोबर्टा तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बराच वेळ असंच चाललं. ज्या बाईबद्दल भांडण चाललं होतं, तिला मात्र कुणी काही विचारेना.

शेवटी आजी उठली, ताटं गोळा केली आणि ओडेसाला म्हणाली, चल, पुसायला ये.

स्वयंपाकघराचं दार लोटून तिने नळ सोडला. दोन ताटं धुतली. मग म्हणाली, "डेल्फी कोण गं?"

ओडेसाला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. ती म्हणाली की तू कधी नाव सांगितलं नाहीस, आणि ओळीला तिथं नाव हवं होतं. त्या काळातलं वाटेल असं, हाक मारता येईल असं नाव शोधायला तिला पूर्ण एक आठवडा लागला होता. डेल्फी सापडलं तेव्हा ती लायब्ररीतून घरापर्यंत पळत आली होती.

"ते तिचं नाव नव्हतं."

"तुला आठवतं का मग?"

"नाही. मी तिला मा म्हणायची. दुसरे काय म्हणायचे ते मला ऐकूच आलं नाही कधी, मी एवढीशी होते." आजीने ताट पाण्याखाली धरलं. "पण डेल्फी नव्हतं. आता तू उभी राहून भरसभेत डेल्फी म्हणून हाक मारणार. ती कुठं असली, तिच्या कानावर गेलं, तर ती वळायची नाही गं. तिला वाटेल, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारताहेत."

ती आता शंभरीची असेल, असं ओडेसाच्या ओठावर आलं होतं. कॉलेजात शिकलेल्या मुलीच्या ओठावर असलं काहीतरी येतंच. पण आजीच्या लाल फुलाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने ते गिळलं. तिला फार वाईट वाटलं. आजीच्या आईला एकदा पायऱ्यांवर नेलं होतं; आता आपण तिला दुसऱ्याच कुणाचं तरी नाव चिकटवून छापून टाकलंय, हे तिला पहिल्यांदाच नीट दिसलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी त्या दोन ओळींसाठीही तिचा जीव तुटला. तशा ओळी पुन्हा आपल्या हातून होतील की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, "मी वाचतच नाही, आजी. पपा म्हणतात तेच बरोबर आहे."

"मी नको वाचू म्हटलंय का?" आजीने नळ बंद केला. "अगं, एवढी वर्षं हे माझ्या एकटीच्या पोटात होतं. मी गेले असते तर माझ्याबरोबर गेलं असतं. तू ते बाहेर काढलंस. मघाशी तू वाचत होतीस ना, तेव्हा मला वाटलं, मी एकटी उभी नाहीये आता त्या फाटकाशी. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, पोरी. फक्त ते नाव काढ."

"नाव काढलं तर ओळ मोडते."

"मोडू दे. तिथं मोडलेलंच आहे."

आजी खोलीतून बाहेर आली ती आपली टोपी घालूनच, आणि जोसायाला म्हणाली की ऊठ, चार वाजत आले, पोरीला वाचायचंय. आईने असं सांगितल्यावर पन्नाशीचा मुलगाही उठतो. एर्नेस्टीनने नवऱ्याकडे पाहिलं, पण तो आईचा हात धरून जिना उतरायला लागला होता. वाटेत त्याने विचारलं, "आई, आता विचारतो मी. कुठली कचेरी होती ती?" आणि टेम्पी त्याला सांगत गेली. कचेरीचं गाव, फाटकाचा रंग, त्या दिवशी पडलेली थंडी. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याचा राग गेला होता. आई अजून आहे, बोलते आहे, सांगते आहे, याचेच त्याने मनात देवाला आभार मानले आणि तो मुद्दाम हळू चालायला लागला.

सभागृह गच्च भरलं होतं. पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. एर्नेस्टीन द्राक्षांची टोपी घालून व्यासपीठावर बसली होती, आणि कार्यक्रम चालवणं सर्वस्वी तिच्या हातात होतं. लेकीचं नाव गाळून तिने थेट शेवटचं गाणं पुकारलं असतं तर कुणी जाब विचारला नसता. वेळ कमी पडला म्हणून भागलं असतं. तिने तसं ठरवलंही होतं. पण उभी राहिली तेव्हा तिला समोर सासू दिसली. मान पुढे काढून ती ओडेसा कुठून येते ते बघत होती, शाळेच्या फाटकाशी पोराची वाट बघावी तशी. एर्नेस्टीनने लेकीचं नाव घेतलं आणि खाली बसली.

ओडेसाने चांगली वाचली. पायऱ्यांचं आलं तेव्हा पंखे थांबले. मूठ सोडवल्याचं आलं तेव्हा मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मग ती नावापाशी आली आणि थांबली.

काय म्हणायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. वाटेवर दुसरा शब्द सुचेल असं वाटलं होतं, तो सुचला नव्हता.

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठावरचं पोर अडलं तर ते विसरलंय असंच सगळे धरून चालतात. ईस्टरला तीन वर्षांची पोरं दोन ओळी म्हणायला उभी राहतात आणि घाबरून गप्प होतात, तेव्हा अख्खं चर्च त्यांना सांभाळून घेतं. तीच सवय. "असू दे बाळ," एक बाई म्हणाली. "घाई नको करू." "देव आठवण देईल, पोरी." पियानोवरच्या मुलीने धीर द्यायला हलकेच एक सूर धरला. पहिल्या रांगेतल्या वकिलीणबाई एर्नेस्टीनकडे कीव आल्यासारख्या बघायला लागल्या. बक्षीस मिळालेली मुलगी स्वतःचीच कविता विसरली.

तेव्हा टेम्पीआजी उभी राहिली.

"ती विसरली नाहीये," ती म्हणाली. "तिथं माझ्या आईचं नाव आहे. ते मला ठाऊक नाही. म्हणून ती थांबली."

पियानो बंद झाला. मग दाराशी उभे असलेले रॅन्समदादा, जे रविवारी लोकांना बाकावर नेऊन बसवतात आणि ज्यांच्या तोंडून आम्ही 'इकडे या' याच्यापुढे काही ऐकलं नव्हतं, ते म्हणाले, "माझी आई फीबी. जॉर्जियात मागे राहिली."

"डायना," मधल्या बाकावरून एक बाई म्हणाली.

"माझ्या आईची आई. तिला बेक म्हणायचे."

"नाव माहीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, ती गेली."

एकेक जण उठत होतं, नाव घेत होतं आणि बसत होतं. टेम्पीआजी प्रत्येक नावाला मान वळवून तिकडे बघत होती. जोसायाने तिचा हात धरला होता आणि तो उघड उघड रडत होता. रोबर्टा भाचीकडे बघत होती.

मग व्यासपीठावरून आवाज आला. एर्नेस्टीन उभी होती. टोपीवरची द्राक्षं थरथरत होती.

"सूझी पे," ती म्हणाली. "सव्हानात लोकांचे कपडे धुवायची. माझी आई. तिने मला शिकवलं."

वकिलीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्याही उठल्या.

ओडेसाला पुढची ओळ पाठ होती. थोडी शांतता झाली तशी तिने ती म्हणायला तोंड उघडलं. पण टेम्पीआजी अजून उभीच होती, आणि तिने हात वर केला.

"थांब, पोरी," ती म्हणाली. "मागच्या बाकांवरचे राहिलेत अजून."

ओडेसा थांबली.